आधी रक्त, मग गोळी

पावसाळा लागला आणि ब्रह्मगिरी ढगांत बुडाला की त्र्यंबकेश्वर परिसरात तापाचे रुग्ण वाढू लागतात. पाठोपाठ श्रावण येतो. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लांबलांबहून भाविक येतात, रात्रभर भिजत चालतात, मिळेल ते पाणी पितात, मिळेल तिथे खातात. मग कुणाला थंडी वाजून ताप येतो, कुणाचे पोट बिघडते. अशा वेळी काय करायचे, याची आपल्याकडे एक रीतच पडून गेली आहे. औषधाच्या दुकानात जायचे आणि म्हणायचे, "दादा, तापावर काहीतरी द्या. जरा स्ट्राँग द्या." दुकानदार पट्ट्या कापतो आणि चार-सहा गोळ्या पुडीत घालून देतो. त्यात एक तापाची असते, एक पित्ताची असते आणि पुष्कळदा एक अँटिबायोटिकची, म्हणजे प्रतिजैविकाची असते.

दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढतो. मग गावातला डॉक्टर, दुसरी गोळी, कधी सलाईन. आठ दिवस असेच गेले की घरचे लोक घाबरतात आणि रुग्णाला नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात नेतात. तिथले डॉक्टर रक्ताचे कल्चर करायला सांगतात. नातेवाईक पैसे भरतात आणि रिपोर्टची वाट पाहतात. काही दिवसांनी कागद हातात पडतो. त्यावर लिहिलेले असते, 'नो ग्रोथ'. काहीच उगवले नाही. घरचे म्हणतात, "एवढी महागाची तपासणी केली आणि निघाले काहीच नाही!"

वाचकहो, या कोऱ्या रिपोर्टबद्दल आज लिहायचे आहे. तपासणी बहुधा खोटी नसते, प्रयोगशाळाही बहुधा चुकलेली नसते. पुष्कळदा पुरावा आठ दिवसांपूर्वीच पुसला गेलेला असतो आणि तो आपल्याच हाताने पुसला गेलेला असतो.

कल्चर म्हणजे काय?

रक्ताचे कल्चर ही इतर रक्ततपासण्यांसारखी तपासणी नाही. साखर किंवा हिमोग्लोबिन मोजले की आकडा लगेच मिळतो. कल्चरमध्ये मात्र रक्तातल्या जिवंत जंतूंची लागवड करावी लागते. ज्यात जंतूंना चांगले पोषण मिळेल असे द्रव्य बाटलीत भरलेले असते. त्यात रुग्णाचे रक्त सोडून बाटली उबेत ठेवतात. रक्तात जिवंत जंतू असतील तर ते वाढू लागतात. आजकालच्या यंत्रांत बाटली सहसा पाच दिवस ठेवतात, आणि जंतू वाढताना जो वायू सोडतात त्यावरून यंत्र ते ओळखते. जंतू वाढला की त्याचे नाव कळते आणि तो कोणत्या औषधाने मरतो व कोणत्या औषधाला दाद देत नाही, हेही तपासता येते. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे कल्चर सांगते.

आपले शेतकरी बंधू पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतात आणि किती मोड येतात ते पाहतात. कल्चर हे असेच आहे. मात्र त्या दाण्यांवर आधीच कुणी उकळते पाणी ओतले असेल, तर मोड कुठून येणार? मोड आले नाहीत म्हणून गोणपाटात दाणेच नव्हते, असे कुणी म्हणेल का?

विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये, तर ही अडचण फारच मोठी आहे. या तापात रक्तातले जंतू मुळातच फार थोडे असतात. एक मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जंतू सापडावा, अशी स्थिती. म्हणूनच प्रौढ माणसाच्या एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घालावे लागते आणि शक्य तर दोन वेगवेगळ्या जागांवरून घ्यावे लागते. "इतके रक्त कशाला?" म्हणून नातेवाईक कुरकुर करतात. पण रक्त कमी घेतले तर त्यात एकही जंतू न येण्याची शक्यता वाढते. मुलांसाठी वजनाप्रमाणे कमी रक्त घेतात, म्हणून काळजी नसावी. सगळे नीट केले तरी टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहांच्याच रक्तात जंतू हाती लागतो. आधीच हात इतका तोकडा. त्यात प्रतिजैविकाची गोळी पोटात गेलेली असली की तो आणखी आखडतो.

औषध बाटलीतही काम करते

गोळी घेतल्यावर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे रक्तातले जंतू मरतात किंवा अर्धमेले होतात. दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. रक्ताबरोबर ते औषधही बाटलीत जाते आणि तिथे उरल्यासुरल्या जंतूंना वाढू देत नाही. रुग्णाचा आजार मात्र बरा झालेला नसतो. यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात जंतू दडून असतात. औषध अपुरे पडले, मध्येच सोडले किंवा चुकीचे निघाले की ते पुन्हा डोके वर काढतात.

किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णालयांतून २०१९ साली पुढे आला. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचा दाट संशय असलेल्या ३२५ गंभीर रुग्णांचे रक्त दोनदा घेतले. एकदा प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी आणि पुन्हा औषध सुरू केल्यावर दोन तासांच्या आत. आधी घेतलेल्या रक्तात १०२ जणांत जंतू सापडले. नंतरच्या रक्तात सापडले फक्त ६३ जणांत. माणसे तीच, आजार तोच, मध्ये गेले दोन तासांपेक्षाही कमी. तरी पाचांपैकी जवळजवळ दोघांचा पुरावा नाहीसा झाला. तिथे दोन तासांत हे होते, तर आपल्याकडे आठ दिवस निरनिराळ्या गोळ्या घेऊन नाशिकला पोचलेल्या रुग्णाच्या बाटलीत काय उरणार, याचा विचार वाचकांनीच करावा.

'नो ग्रोथ'चा अर्थ

म्हणून कोरा रिपोर्ट वाचताना घाई करू नये. त्याचे निदान चार अर्थ होतात. पहिला, रक्तात जंतू खरोखरच नाहीत. दुसरा, आजार असा आहे की तो या बाटलीत कधीच उगवत नाही. डेंग्यू आणि मलेरिया कल्चरच्या बाटलीत सापडत नाहीत. भातखाचरात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस किंवा गवतातल्या बारीक किड्यामुळे येणारा स्क्रब टायफस यांच्यासाठीही वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. तिसरा अर्थ, रक्त कमी घेतले गेले. आणि चौथा, जंतू आहेत, पण औषधाने त्यांचे तोंड बंद केले आहे. यातला कोणता अर्थ खरा, हे ठरवायला डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक असावी लागते. रुग्णाने आतापर्यंत काय काय घेतले आहे? आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळदा कुणालाच सांगता येत नाही.

"पिवळी गोळी होती." "लांबट कॅप्सूल होती." एवढ्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचे? पट्टी कापून पुडीत बांधलेल्या गोळीवर नाव नसते. यात्रेकरूंच्या बाबतीत तर गोंधळ आणखी वाढतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला किंवा श्रावणात फेरीला आलेला माणूस त्र्यंबकला गोळी घेतो, एस. टी. धरून घरी जातो आणि आजारी पडतो जळगावला नाहीतर परभणीला. तिथल्या डॉक्टरांना त्र्यंबकच्या पुडीत काय होते, हे कसे कळावे?

विडालवर विसंबू नये

काही वाचक म्हणतील, कल्चर नसले म्हणून काय झाले, विडाल आहे ना! १८९६ सालापासून चालत आलेली ही तपासणी आपल्या भागात फार लोकप्रिय आहे. ती स्वस्त आहे आणि त्याच दिवशी उत्तर मिळते. पण विडाल जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. ती जुन्या आजारामुळे असू शकतात, दुसऱ्या तापातही दिसू शकतात आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात नसूही शकतात. एका विडालवरून "टायफॉइड निघाला" म्हणणे हे फार कच्चे निदान आहे. शिवाय कोणते औषध लागू पडेल, हे विडाल कधीच सांगू शकत नाही.

ते कळणे आता अत्यावश्यक झाले आहे. एके काळी क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचे रामबाण औषध होते. १९९० च्या सुमारास त्याला आणि त्या काळच्या इतर नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू देशात पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, त्याचाही जोर ओसरला. शेजारी पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की सेफ्ट्रायाक्सोनचे इंजेक्शनही त्यावर चालेना. हे सारे कळले ते कुणीतरी वेळेवर रक्त घेतले, जंतू वाढवला आणि औषधांशी ताडून पाहिला म्हणून. ज्या गावात बाटलीत जंतू उगवतच नाही, त्या गावाला आपला जंतू कसा बदलतो आहे, याची खबर कधीच लागत नाही. एकाच विहिरीचे, एकाच टाकीचे पाणी पिणाऱ्या पाचजणांच्या रक्तात तोच जंतू सापडला, तर पाण्याकडे बोट दाखवता येते. पाचही रिपोर्ट कोरे आले तर बोट कुणाकडे दाखवायचे?

गोळी घेऊन झाली असेल तर?

आता कुणी म्हणेल, गोळी तर घेतली, मग कल्चर करणे व्यर्थच का? मुळीच नाही. शक्यता कमी होते, संपत नाही. अशा रुग्णांसाठीही पुष्कळ उपाय आहेत आणि ते आपल्याला ठाऊक असावेत.

बाटलीत रक्त पातळ होते, त्यामुळे औषधाचा जोर काहीसा उतरतो. शिवाय आता अशा बाटल्या मिळतात, ज्यांत औषध शोषून घेणारे रेझिनचे बारीक मणी असतात. काही बाटल्यांत यासाठी कोळशाची पूड वापरली गेली. या बाटल्यांनी सारेच औषध निघून जाते असे नव्हे, पण साध्या बाटलीपेक्षा जंतू सापडण्याची आशा वाढते. औषध चालू असताना रक्त घ्यायचेच असेल, तर पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी घेणे चांगले, कारण त्या वेळी रक्तात औषध सर्वांत कमी असते. अर्थात सगळी औषधे सारखी नसतात. काही औषधे काही तासांत उतरतात. ॲझिथ्रोमायसिनसारखे औषध शरीराच्या पेशींत दिवसेंदिवस मुरून राहते. म्हणूनच गोळीचे नाव आणि शेवटची कधी घेतली ती वेळ, दोन्ही सांगावे लागते. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ते लिहिलेले असावे.

टायफॉइडचा संशय दाट असेल आणि रक्तात जंतू सापडत नसेल, तर हाडाच्या मगजाचे कल्चर हा आणखी एक मार्ग आहे. तिथे जंतू जास्त असतात आणि औषध सुरू झाल्यावरही पुष्कळदा सापडतात. ही तपासणी सोपी नाही, सर्रास करायची नाही, पण मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. ज्यांच्या हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने खराब झाली आहे किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांनी तर विशेष जपावे. अशा माणसाला अनेक दिवस बारीक ताप येत असेल, तर झडपेवर जंतू बसलेले असू शकतात. त्यात कल्चर कोरे येण्याचे एक मोठे कारण आधी घेतलेले प्रतिजैविक हेच असते. अशा रुग्णाने दुकानातून गोळी घेणे म्हणजे विस्तवाशी खेळ. रक्त दिल्याशिवाय प्रतिजैविक सुरू करू नये.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. रक्त आधी घ्यायचे म्हणजे औषधाला उशीर करायचा, असा अर्थ कुणी काढू नये. रुग्ण गुंगीत असेल, धाप लागली असेल, हातपाय गार पडले असतील, लघवी कमी झाली असेल, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तिथे रक्त घ्यायला लागणारी पाच-दहा मिनिटे सोडली तर औषध थांबता कामा नये. बाटली जवळ नसेल तर औषध द्यावे आणि रुग्णाला पुढे पाठवावे. पुरावा मोलाचा खरा, पण जिवापेक्षा नव्हे. तसेच डॉक्टरांनी सुरू केलेले औषध "रिपोर्ट चांगला यावा" म्हणून कुणी आपल्या मनाने बंद करू नये. थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

लहान ठिकाणी हे जमते

"हे सगळे मुंबई-पुण्याला ठीक, आमच्याकडे कुठले?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आपल्या उत्तर महाराष्ट्रातच आहे. २०१७ ते २०२० या काळात देशात टायफॉइडची मोठी पाहणी झाली. तीत नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा येथील ख्रिश्चन हॉस्पिटल सामील होते. आदिवासी भागातले हे रुग्णालय. तिथे तापाच्या रुग्णांचे रक्त रीतसर कल्चरसाठी घेतले गेले. त्याच पाहणीत पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातल्या मुलांचे रक्त तपासले. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरांतल्या वस्त्यांत वर्षाला दर लाख मुलांमागे पाचशेहून अधिक जणांना टायफॉइड झाल्याचे कल्चरवरून दिसले. वढूच्या ग्रामीण भागात हा आकडा पन्नासाच्याही आत होता. म्हणजे खेड्यात प्रत्येक लांबलेल्या तापाला टायफॉइड म्हणून गोळ्या देत सुटणे किती चुकीचे ठरू शकते, पाहा!

नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली टायफॉइडची नवी लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली. लसीचा उपयोग किती झाला, हे तिथेही रक्ताच्या कल्चरवरूनच मोजले गेले. कल्चर एका रुग्णासाठी असते, तसे ते साऱ्या गावासाठीही असते.

चिंचपाड्याला जे जमले ते त्र्यंबकेश्वरला, हरसूलला, इगतपुरीला का जमू नये? प्रत्येक ठिकाणी जंतूंची प्रयोगशाळा उभारा, असे आमचे म्हणणे नाही. रक्त घेण्याच्या बाटल्या, ते स्वच्छ पद्धतीने घेणारी शिकलेली परिचारिका आणि त्याच दिवशी बाटली नाशिकला पोचवण्याची सोय, एवढे पुरे आहे. त्र्यंबकहून नाशिक जेमतेम तीस किलोमीटर. रुग्ण चार दिवसांनी जातोच, मग बाटली आधी का जाऊ नये? २०१५ च्या सिंहस्थानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. कुशावर्तावर लाखोंची गर्दी होते तेव्हा रस्ते, घाट, पूल यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात रक्ताच्या या बाटल्यांची एक ओळ असावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आपले काम

दोष एकट्या औषध दुकानदारांना देऊन भागणार नाही. पण त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशी अनेक प्रतिजैविके आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. हा नियम दुकानदाराला छळण्यासाठी केलेला नाही. गिऱ्हाईक "स्ट्राँग द्या" म्हणाले तरी "आधी डॉक्टरांना दाखवा" म्हणणारा दुकानदार गावाचा खरा हितचिंतक समजावा. डॉक्टरमंडळींनीही ताप चार-पाच दिवसांवर गेला आणि टायफॉइडचा संशय आला, तर दुसरे प्रतिजैविक लिहिण्याआधी कल्चरचा विचार करावा आणि दिलेल्या औषधाचे नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्यावे.

राहिले आपण. ताप आला म्हणून दुकानातून प्रतिजैविक आणू नये. साध्या तापाला पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जे काही औषध घेतले असेल त्याची पट्टी, रिकामी झाली तरी, जपून ठेवावी. आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो, पट्टीचा फोटो काढून ठेवावा. डॉक्टर रागावतील म्हणून घेतलेली गोळी लपवू नये. आणि कल्चर सांगितले, तर दुसऱ्या गोळीची घाई करण्याआधी विचारावे, "डॉक्टर, रक्त आत्ताच घेता का?"

या एका प्रश्नाला पैसे पडत नाहीत. पण तो वेळेवर विचारला, तर तापाचे खरे नाव कळू शकते आणि त्याच्यावर चालणारे औषधही. जंतू बोलतो तो एकदाच, आणि तोही पहिल्या गोळीच्या आधी. तेवढ्यात त्याचे बोलणे ऐकून घ्यावे.